देवीडॉक्टरचं तट्टू

भाट्याची खाडी तरीतून ओलांडून दक्षिणेला निघालं की वाटेत जेवढी घरं लागत, तेवढ्या सगळ्यांच्या दारात आमचं तट्टू थांबायचं. ओढा, मारा, शिव्या द्या, ते थांबायचं म्हणजे थांबायचं. बेड्यावरून मान आत घालायचं आणि घरातून कोणी बाहेर येईपर्यंत असं काही ऐटीत उभं राहायचं की बघणाऱ्याला वाटावं, हे ह्या घरचे जावई. बेडं म्हणजे दगडी गडग्याच्या वाटेला लावलेले आडवे बांबू. एवढंही हल्लीच्या मुलांना सांगावं लागतं. तट्टू काय असतं तेसुद्धा सांगावं लागतं, तर बेड्याचं काय घेऊन बसलात!

ही एकोणीसशे तीसच्या आसपासची गोष्ट. खाडीवर पूल नव्हता. माझे यजमान देवीडॉक्टर होते. डॉक्टर म्हणजे नावाचेच, मुलांना देवी टोचण्याची त्यांची सरकारी नोकरी. पण लोक डॉक्टर म्हणत आणि ह्यांनाही ते ऐकायला गोड वाटे. रत्नागिरी शहरातल्या दवाखान्यातून सकाळी लस घ्यायची, तरीतून अलीकडे यायचं, आमच्या घरावरून पुढे कातळाचा सडा ओलांडायचा आणि पार खाली पुढच्या खाडीच्या मुखाशी असलेल्या कोळीवाडीपर्यंत जायचं, ही त्यांची वाट.

देवी टोचून घ्यायला तेव्हा लोक सहज तयार नसत. सरकारी माणूस दिसला की मुलं माळ्यावर, नाहीतर भाताच्या कणगीमागे. देवीचा कोप होईल ही भीती. हे कधी कोणाशी वाद घालत नसत. पडवीत बसायचे, समोर आलेलं गूळपाणी घ्यायचे, गाय कितव्यांदा व्याली ते विचारायचे, एखादी थट्टा करायचे. उठेपर्यंत आईच लपवलेलं पोर काखेत घेऊन पुढे आलेली असे. दारात आलेल्याला गूळपाणी द्यायचं ही आमच्याकडची रीत, आणि बेड्याशी उभ्या असलेल्या तट्टाला वगळून ती पाळणं कोणाच्या मनाला पटत नसे. त्यामुळे ह्यांना गूळपाणी आणि तट्टाला गुळाचा खडा. सवय लागली ती अशी.

पण लशीला ऊन सोसत नाही. काचेच्या बारीक नळ्यांत असायची ती. केळीच्या खोडाच्या ओल्या सोपात गुंडाळून, वर भिजलं फडकं लावून न्यायचे, तरी दुपारच्या आत टोचून झाली नाही तर नुसतं पाणी टोचल्यासारखं. तेव्हा जाताना कुठे टेकायची सोय नव्हती. गप्पा, गूळ, पुढच्या खेपेची मुलं ठरवणं, सगळं परतीच्या वाटेवर. जाताना तट्टू एखाद्या दारात घुटमळलं की हे त्याच्या मानेवर थाप मारून म्हणायचे, "येताना रे, येताना." आणि ते पुढे चालू लागायचं. येताना मात्र प्रत्येक दारात थांबायचे. तट्टाला त्यांनी कधी फसवलं नाही.

आमच्या बेड्यावरून पुढे जातानाही तेच. चारचौघांत बायकोशी बोलायची तेव्हा रीत नव्हती. मी पडवीच्या खांबाशी उभी असायची आणि हे माझ्याकडे न बघता तट्टालाच मोठ्याने सांगायचे, "येताना रे, येताना." तेवढं मी माझ्या वाटणीचं समजायची.

त्या चैत्रात ते गेले ते परत आले नाहीत. तापाने कोळीवाडीच्या अलीकडे एका घराच्या पडवीतच संपले. निरोप घेऊन माणसं येण्याआधी तट्टूच आलं, खोगीर तसंच पाठीवर. घुंगरमाळ वाजली म्हणून मी गुळाचा खडा घेऊन बाहेर आले. तट्टू बेड्यावरून मान आत घालून उभं. त्याने गूळ खाल्ला. मला वाटलं, हे मागे कोणाशी बोलत राहिले असतील. बोलघेवडे होते ना! मी चुलीवर पाणी ठेवायला आत गेलेसुद्धा. पाणी उकळलं, आणि मग माणसं आली.

मूलबाळ नव्हतं. दीर मुंबईला गिरणीत, जाऊ त्याच्यापाशी. घर एवढं मोठं नव्हतं, पण एका माणसाला फार मोठं झालं. त्यात आमच्यात विधवेने कोणाच्या पुढल्या दारी जायचं नाही. कोणी शुभकार्याला निघालं असेल आणि आपण समोर आलो तर उगाच बोल नको. त्यामुळे मी जायची नाही आणि लोकही भिडेने यायचे नाहीत. दिवसभरात माझा आवाज मलाच ऐकू येत नसे. कोंबड्यांवर ओरडले तर तेवढंच.

ह्यांच्या जागी जो नवा देवीडॉक्टर आला त्याला मी तट्टू देऊन टाकलं. मला ते काय करायचं होतं? पोरगा घाटावरचा, साताऱ्याकडचा. नुकतं मिसरूड फुटलेलं. घाटावरचा म्हणजे घोड्यावर बसता येत असणार, असं साहेबाने परस्पर ठरवलं. पोराचा बाप शिंपी. घोडा त्याने लग्नाच्या वरातीतच काय तो पाहिलेला, तोही मागून.

आमच्या तट्टाने त्याला पुरतं ओळखलं. खोगिराचा पोटाखालचा तंग आवळताना पोट फुगवून उभं राहायचं, त्यामुळे चढणीला लागलं की तंग ढिला पडून खोगीर पोटाखाली आणि डॉक्टर करवंदीच्या जाळीत. पाठ फिरवली की बाही धरून ओढायचं. तरीत चढताना पाय रोवायचं. आणि दारं! पोरगा हाणायचा, ओढायचा, शेवटी खाली उतरून ढकलायचा. तट्टू आपलं बेड्याशी वाट बघत उभं.

त्यात लोकांनी घोटाळा केला. आमची माणसं प्रेमळ, पण प्रेम कुठे करावं ह्याचा पोच नाही. घुंगरमाळ वाजली की घराघरातून बायका बाहेर यायच्या, "डॉक्टरांचं तट्टू आलं" म्हणून डोळ्याला पदर लावायच्या, आणि पूर्वी जिथे खडा मिळायचा तिथे आता मूठभर गूळ. पोराला कोणी ओळखत नव्हतं, पण तट्टू ओळखीचं होतं. ह्यांच्यातलं तेवढंच उरलं होतं, म्हणून जाताना गूळ, येतानाही गूळ. त्याने तरी पुढे का जावं?

पावसाळा संपून देवी काढायचा हंगाम सुरू झाला, तेव्हा एक दिवस भर दुपारी पोरगा माझ्या अंगणात येऊन बसला. अंगरख्याची बाही फाटलेली, कपाळ खरचटलेलं. तट्टू बेड्याशी. मी पाणी दिलं आणि वर तोफही डागली.

"अरे मेल्या, ही वेळ काय घरी यायची? लस कुठे आहे तुझी?"

"लस संपली की, मावशी. काल कोळीवाडीत गेल्या खेपेची मुलं तपासली. एकाच्याबी लागल्या नाहीत." असं म्हणून तो लहान पोरासारखा रडायलाच लागला. टोचलेल्या जागी फोड उठला तर देवी लागल्या म्हणायच्या. एकाही मुलाच्या दंडावर फोड नव्हता. दारोदारी थांबत पोचेपर्यंत दुपार कलायची, लस मरून जायची.

"नोकरी जाईल म्हणून रडतोस?"

"नोकरीचं काय घेऊन बसलाय, मावशी! कोळीवाडीसमोर खाडीच्या पल्याडच्या गावात देवी आल्यात. दोन पोरं गेली. मासळी घेऊन रोज येणंजाणं आहे. आता पुढची लस आठ दिसांनी येणार. तीबी फुकट गेली तर..."

त्या कोळीवाडीतली मुलं मी कधी पाहिली नव्हती, पण एकूण एक ओळखत होते. कोण लपतं, कोण चावतं, कोण टोचून झाल्यावर खाऊ मागतं, हे सगळं रोज संध्याकाळी ह्यांच्या तोंडून ऐकलेलं. मला एकदम संताप आला. तट्टाचा, पोराचा, त्या प्रेमळ बायकांचा, आणि असा हा गुंता मागे ठेवून निघून गेलेल्या माणसाचाही.

"ऊठ," मी म्हटलं. "तोंड धू. मग तट्टाला आत घे."

मी स्वतः कधी तट्टावर बसले नाही. पण इतकी वर्षं त्याचं दाणापाणी केलं होतं आणि ते कसं हाताळावं हे रोज कानांवर पडलं होतं. जेवढं आठवलं तेवढं सांगितलं. तंग एकदा आवळायचा, तट्टाला चार पावलं चालवायचं, ते श्वास सोडतं तेव्हा पुन्हा आवळायचा. तट्टाला पाठ दाखवायची नाही, कोपर बाहेर ठेवायचं. ते बाही धरायला आलं की तोंड आपोआप कोपरावर आपटतं, आपण मारायची गरज नाही. लगाम सारखा खेचायचा नाही. "सारखं ओरडणाऱ्या सासूचं कोण ऐकतं?" मी म्हटलं, तेव्हा पोरगा पहिल्यांदा हसला. एकदा टाच द्यायची आणि ते पुढे सरलं की लगेच हात सैल सोडायचा. न मारता, न चिडता. हे शेवटचं मला सांगायला बरं होतं. माझ्या स्वभावात ते कधी बसलं नाही.

लस नव्हती तरी मुलांच्या नोंदी करायला तो रोज जायचा, आणि परतताना थांबू लागला. अंगणात तट्टाला गोल फिरवायचा, मी पडवीतून ओरडायची, मग तो भाकरी-आमटी खायचा आणि बोलायचा. बोलायचं काय, घरची आठवण. इथे सगळं ओलं, भात खाऊन पोट भरत नाही, लाटांचा आवाज थांबत नाही. रत्नागिरीत त्याची खोली होती, पण ओळख कोणाशी नव्हती. तो गेल्यावर त्याचं ताट घासताना मी गुणगुणतेय, असं एकदा माझ्याच ध्यानात आलं, आणि मला माझीच लाज वाटली.

"येताना" त्यालाही शिकवलं. त्याने म्हणून बघितलं, मऊ आवाजात, कडक आवाजात. पण त्याच्या बोलण्याचा हेल घाटावरचा. तट्टू कान हलवायचं आणि जागचं हलायचं नाही. तेव्हा एकच उपाय उरला. दारातला गूळ बंद करणं.

हे पोराने सांगून कोणी ऐकणारं नव्हतं. मला जायला हवं होतं. मी डोक्यावर पदर घेतला आणि वाटेवरच्या घरोघरी गेले. पुढल्या दाराने नाही, माडांच्या आळ्यांतून, विहिरींच्या कडेने, मागील दारी. इतक्या वर्षांत त्या घरांची नुसती वर्णनं ऐकली होती. आता बघत होते ती त्यांच्या परसातून. बायका मला बघून गडबडल्या. पाट मांडले, गूळपाणी आणलं. आणि मी त्यांना म्हणत होते, तट्टाला गूळ देऊ नका, नुसत्या बाहेरसुद्धा येऊ नका.

बहुतेकींनी मान डोलावली. एक म्हातारी मात्र भडकली. तिच्याच पडवीत हे शेवटचे निजले होते. "तो गेला, नि आता त्याच्या घोड्याच्या तोंडचा घास पण काढतंस काय गो? मी काय घोड्याला देतंय? त्याला देतंय मी."

मी विहिरीच्या कट्ट्यावर बसले. म्हटलं, "कोळीवाडीतल्या पोरांसाठी, आये. तेच करत होते ना ते?" म्हातारी गुळाचा खडा माझ्याच हातावर ठेवून म्हणाली, "मग तू खा." मी तो तिथेच खाल्ला.

दारं एकेक करून बंद झाली. तट्टू थांबायचं, वाट बघायचं, कोणी आलं नाही की पोराच्या टाचेने पुढे निघायचं. रोज थोडं कमी थांबायचं. पण पूर्ण सवय काही जाईना. माझ्या घरापुढे आलं की रुतल्यासारखं उभं, आणि तिथून पुढे प्रत्येक दार पुन्हा तपासून बघायचं. कारण उघड होतं. मला ते पहिल्या दिवसापासून दिसत होतं आणि मी बघत नव्हते. रोज संध्याकाळी माझ्या दारात ते थांबत होतं, आणि मी खडा देत होते.

लस येण्याच्या आदल्या संध्याकाळी पोराचं जेवण झाल्यावर मी म्हटलं, "उद्यापासून इथे थांबायचं नाही."

"जाताना नाही थांबत की मी."

"येतानाही नाही. एक दार उघडं राहिलं तर ते सगळी दारं तपासणार. मी बाहेर येणार नाही. तूही हाक मारायची नाहीस."

तो हातातल्या तांब्याकडे बघत राहिला. "मग मी येऊ कधी, मावशी?"

"येऊ नकोस," मी म्हटलं. फटकन म्हटलं, कारण हळू म्हटलं असतं तर म्हणताच आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी घुंगरमाळ वाजली तेव्हा मी दार लावून आत उभी होते. तट्टू बेड्याशी आलं आणि थांबलं. दाराच्या फटीतून दिसत होतं. पोराने शिकवल्याप्रमाणे एकदा टाच दिली. नाही. थांबून पुन्हा दिली. नाही. तो चिडला नाही, मारलं नाही, मला हाकही मारली नाही. त्याच्या गळ्यात लशीचा डबा, वरचं फडकं वाळत चाललेलं. ऊन पडवीच्या पायरीपर्यंत आलं. तट्टू दाराकडे बघत होतं. जसं त्या चैत्रात बघत होतं, अगदी तसंच. मी हातात खडा कधी घेतला मला कळलं नाही.

आणि मी दाराआडून म्हटलं, "येताना रे, येताना."

आयुष्यात मी ते शब्द कधी तोंडाने म्हटले नव्हते. पण इतकी वर्षं ऐकलेला हेल तोंडात तसाच आला. तट्टाने कान टवकारले, मान बाहेर काढली आणि ते चालू लागलं. घुंगरमाळ सड्याच्या चढणीवर ऐकू येत राहिली, मग नाही आली. मी तिथेच खाली बसले.

संध्याकाळी ते आलं ते जवळजवळ धावत आलं. त्याला शब्द मिळाला होता ना! बेड्यावरून मान आत घातली आणि फुरफुरलं. मी दाराच्या आत. खडा तसाच मुठीत, घामाने चिकट झालेला. पोरगा मान खाली घालून खोगिरावर बसून होता. तट्टू एकदा मोठ्याने खिंकाळलं. मी दाराला पाठ लावली. ह्यांनी त्याला कधी फसवलं नव्हतं, ते काम माझ्याकडे आलं. मी पदर तोंडात धरून रडले. पोरांसाठी केलं, योग्य केलं, हे सगळं मला ठाऊक होतं. त्याचा काही उपयोग झाला नाही. बऱ्याच वेळाने खुरांचा आवाज निघाला आणि तरीच्या दिशेने गेला.

त्यानंतर ते माझ्या दारात थांबलं नाही. दुसऱ्या दिवशी चाल थोडी मंद झाली, मग तीही नाही. पुढची दारंही सुटली.

आठ दिवसांनी दुपार उलटल्यावर घुंगरमाळ वाजली. मी आतच होते. बेड्यासमोरून जाताना पोरगा खोगिरावरून ओरडला, "मावशी, लागल्या! सगळ्यांच्या लागल्या!" तट्टू दुडक्या चालीत होतं, मान सरळ, कानसुद्धा वळला नाही. किती छान बसला होता तो! पाठ ताठ, हात सैल, मी सांगितलं होतं तसा.

मी कडी काढून अंगणात येईपर्यंत तो वळणाआड गेला होता. "बरं झालं रे, बाबा," मी मोठ्याने म्हटलं. गडग्यावरची कोंबडी तेवढी दचकून खाली उतरली.